बढती घेऊ की युनियनमध्ये राहू?

पत्र थोडक्यात: जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात १२ वर्षं एक्स्ट्रूडर (पाइप काढायचं मशीन) चालवणाऱ्या वाचकाचं हे पत्र आहे. वय ३६, महिना पगार साडेएकोणीस हजार. कारखान्याच्या हजेरीपटावर १६० कामगार, शिवाय लोडिंग-पॅकिंगला ठेकेदाराची माणसं. मागचा पगारवाढीचा करार संपून वर्ष झालं. नवी युनियन उभी राहिली आहे, तिचे ९५ सभासद. जुनी एक संघटना आहे, तिच्याकडे ३५ जण. तिचे पदाधिकारी मॅनेजमेंटच्या मर्जीतले, असं पत्रलेखकाचं म्हणणं. नव्या युनियनने महिन्याला सरसकट साडेतीन हजारांची वाढ मागितली आहे. बोलणी लांबल्यामुळे काही तरुण पोरं म्हणतात, "सगळे एकाच दिवशी रजा टाकू." अशात साहेबांनी पत्रलेखकाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तुला सुपरवायझर करतो, चार हजार वाढवतो. फक्त युनियनचा राजीनामा दे. आठवड्यात सांग." वडील गिरणी कामगार होते, गिरणी बंद पडली. ते म्हणतात, "युनियनना नादे लागू नको, भाऊ." मुलगी यंदा अकरावीला गेली आहे. पत्राचा शेवट असा आहे: "ताई, आयपीएलमध्ये प्रत्येक खेळाडूचा भाव वेगळा लागतो. मग कारखान्यात सगळ्यांना एकच करार कशासाठी? माझ्या चांगल्या कामाची किंमत मी एकट्याने घेतली तर मी गद्दार ठरतो का?"

भाऊ, तुमच्या पत्रातले आकडे मी आधी कागदावर मांडले. तेच तुम्हाला दाखवते.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार कारखान्यात एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा जिला आहे, तिलाच मालकाशी वाटाघाटी करण्याचा एकटीचा हक्क मिळतो. १६० चे ५१ टक्के म्हणजे ८२ माणसं. तुमच्या युनियनकडे ९५ आहेत. त्यातली १४ फुटली की ८१ उरतात आणि हक्क जातो. मग वाटाघाटी समिती बसते. किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या प्रत्येक युनियनला तिच्यात जागा, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. म्हणजे तुमचे दोन आणि जुन्या संघटनेचा एक. समितीत करार बहुमताने होतो. तुमच्या दोघांपैकी एक जरी नरमला, की जुन्या संघटनेला चालेल तसा करार होणार.

आता पैशाचं गणित करा. १४ जणांना चार-चार हजार दिले तर कारखान्याला महिन्याला ५६ हजार रुपये लागतील. १६० जणांना साडेतीन हजार द्यायचे तर ५ लाख ६० हजार. बरोबर दहापट. साहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये का बोलावलं, ते या दोन आकड्यांत दिसतं. तुमच्यासारख्या आणखी किती जणांना बोलावणं गेलं, याची चौकशी करा. तुम्ही एकटेच असाल असं मला वाटत नाही.

याचा अर्थ तुम्ही बढतीला लायक नाही असा मुळीच घेऊ नका. १२ वर्षं एक्स्ट्रूडर सांभाळणारा माणूस मशीनच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगतो. असा माणूस सुपरवायझर व्हायलाच हवा. पण ही लायकी गेल्या वर्षीही होती, त्याच्या आदल्या वर्षीही होती. साहेबांना ती मागणीपत्र हातात पडल्यावरच दिसली, आणि तिच्या जोडीला राजीनाम्याची अट आली. बढतीचा आणि युनियनच्या सभासदत्वाचा कामाच्या दृष्टीने काय संबंध आहे? एवढा एकच प्रश्न तुम्ही केबिनमध्ये विचारला असता, तर बरंच कळलं असतं.

कायद्याने या प्रकाराला नाव दिलेलं आहे: अनुचित कामगार प्रथा. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत तिची यादी होती, नव्या संहितेत ती दुसऱ्या अनुसूचीत आली. युनियन बांधली जात असताना ती खिळखिळी करण्यासाठी ऐन वेळी पगारवाढ देणं हे त्या यादीत आहे. कामगारांत फूट पाडण्यासाठी किंवा युनियनचं बळ कमी करण्यासाठी, लायकी नसताना एखाद्याला बढती देणं हेही आहे. दुसऱ्या मुद्द्यावर कारखाना म्हणेल, माणूस लायक होताच. आणि ते खरंही आहे. म्हणूनच पहिला मुद्दा महत्त्वाचा. त्यात तुमची लायकी कुणी तपासत नाही, वेळ तपासली जाते. मागणीपत्र कधी गेलं, केबिनमध्ये कधी बोलावलं, या तारखा आजच एका वहीत लिहून ठेवा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही, त्यामुळे ती तुमच्या ध्यानात आली नसावी. "सुपरवायझर" हा शब्द कायद्यात साधा नाही. मशीन चालवणारा, कुशल काम करणारा माणूस महिन्याला कितीही कमवो, कायद्याच्या लेखी तो कामगार असतो. पण देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार १८ हजारांच्या वर गेला की तो कामगार राहत नाही. तुम्ही आज साडेएकोणीस हजारांवर कामगार आहात. उद्या साडेतेवीस हजारांवर सुपरवायझर झालात, की कामगाराला मिळणारं बरंचसं संरक्षण मागे राहील. कामगारकपात झाली तर दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो. १२ वर्षांचा हिशेब सहा महिन्यांच्या पगाराइतका होतो. त्यावरचा तुमचा हक्क डळमळीत होईल. कामावरून काढलं तर औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाटही तशीच. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मात्र सुपरवायझरलाही असतातच, तिथे घाबरायचं कारण नाही.

न्यायालयं हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात, हेही सांगते. पाटीवर सुपरवायझर लिहिलं आणि माणूस दिवसभर मशीनवरच उभा राहिला, तर त्याला कामगार मानल्याचे निकाल आहेत. पण ते सिद्ध करायला वर्षं जातात, आणि तोवर घर चालवावं लागतं. मी वकिली सुरू केली तेव्हा पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत असे "नावाचे सुपरवायझर" बरेच होते. बढतीचं पत्र घेताना त्यांच्या घरी पेढे वाटले गेले होते.

आता तुमचा आयपीएलचा प्रश्न. तो मला फार आवडला, कारण बहुतेक तरुण कामगारांच्या मनात तोच असतो आणि तुम्ही तो सरळ विचारलात.

नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. त्याच लिलावात सर्वांत कमी मूळ किंमत ३० लाख होती. भाव वेगळे लागले, हे खरं. पण तो भाव कोणत्या चौकटीत लागतो, तेही पाहा. प्रत्येक संघाने एकूण किती खर्च करायचा ते ठरलेलं, त्या वेळी १२० कोटी. कोणत्या संघात जायचं ते खेळाडूच्या हातात नाही. लिलावात विकला गेलेला परदेशी खेळाडू दुखापतीशिवाय माघारी फिरला, तर दोन हंगाम बंदी. हे नियम खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेले नाहीत, कारण सध्या खेळणाऱ्या खेळाडूंची अशी संघटनाच आपल्याकडे नाही. २०१९ साली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची आहे. पंतला त्याचं काही वाटत नसेल. तीस लाखांवर न विकल्या गेलेल्या पोराला वाटत असणार.

जिथे खेळाडूंच्या युनियन आहेत, तिथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंनी १९६६ साली मार्विन मिलर नावाच्या माणसाला आपल्या संघटनेचा प्रमुख नेमलं. तो आधी पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये अर्थतज्ज्ञ होता. म्हणजे कारखान्यातून मैदानात गेलेला माणूस. १९६८ मध्ये त्याने पहिला सामूहिक करार केला आणि किमान वार्षिक पगार ६ हजार डॉलरवरून १० हजारांवर नेला. त्या करारात जास्तीत जास्त किती मिळावं यावर काही बंधन नव्हतं. मोठ्या खेळाडूने आपला भाव स्वतंत्र ठरवावा, पण एका रेषेखाली कुणालाही जाऊ द्यायचं नाही, अशी ती व्यवस्था. पुढे १९७५ मध्ये लवादाच्या निकालाने खेळाडूंना संघ निवडायची मोकळीक मिळाली, आणि तो लवादसुद्धा त्यांना सामूहिक करारातूनच मिळाला होता. त्यानंतर बेसबॉलच्या ताऱ्यांचे पगार कुठल्या कुठे गेले. तेव्हा सामूहिक करार झाला की चांगल्या कामगाराची किंमत मारली जाते, हे गृहीतक तपासून पाहा. तुमच्या युनियनचं मागणीपत्रही नीट वाचा. त्यात कुशल ऑपरेटरसाठी वेगळी श्रेणी आहे का? कौशल्य भत्ता आहे का? नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे. फक्त ती सभेत उभं राहून करायची आहे.

तुमच्या गोष्टीच्या आणखी जवळची गोष्ट मात्र क्रिकेटमधलीच आहे. २०१७ साली ऑस्ट्रेलियात खेळाडू आणि बोर्ड यांच्यातला करार ३० जूनला संपत होता. तिथे वीसेक वर्षं एक पद्धत होती, बोर्डाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा सगळ्या खेळाडूंना. राष्ट्रीय संघातल्यांना आणि राज्याच्या संघात खेळणाऱ्यांनाही. बोर्डाने नवा प्रस्ताव ठेवला: वरच्या खेळाडूंना आणि महिला खेळाडूंना चांगली वाढ, पण राज्यस्तरावरच्या खेळाडूंना उत्पन्नाच्या हिश्शातून बाहेर काढायचं. स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांना तो प्रस्ताव घेऊन सुखाने राहता आलं असतं. त्यांनी नकार दिला. १ जुलैला सुमारे २३० खेळाडू बेकार झाले. ऑस्ट्रेलिया अ संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला. ३ ऑगस्टला तडजोड झाली, उत्पन्नातला हिस्सा थोड्या बदललेल्या रूपात राहिला, आणि पुरुष व महिला पहिल्यांदाच एका करारात आले.

वॉर्नरची बचत आणि तुमची बचत यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते मी विसरलेले नाही. महिनाभर पगार नसला तर तुमच्या घरी किराणा थांबतो. पण त्या प्रस्तावाची रचना पाहा आणि तुम्हाला केबिनमध्ये मिळालेल्या प्रस्तावाची रचना पाहा. वरच्याला थोडं जास्त, आणि त्याच्या बदल्यात त्याने खालच्यांचा हात सोडायचा. तुमच्या कारखान्यात ती राज्य संघातली पोरं म्हणजे लोडिंगची, पॅकिंगची, ठेकेदाराची माणसं. आणि हा प्रश्न मी तुमच्या युनियनलाही विचारते: मागणीपत्रात ठेकेदाराच्या माणसांसाठी एक तरी ओळ आहे का? नसेल तर उद्या कायम कामगारांच्या जागा एकेक करून ठेकेदाराकडे गेल्या, की ८२ चा आकडा गाठणंही अवघड होईल.

वडिलांबद्दल थोडं बोलते. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव या गावांनी गिरण्यांचे भोंगे ऐकले आणि ते बंद होतानाही पाहिलं. ज्याच्या डोळ्यांसमोर फाटक बंद झालं, तो माणूस कारण शोधतोच, आणि संप सगळ्यांना दिसलेला असतो. जुनी झालेली यंत्रं, ज्यांत मालकांनी पैसा घातला नाही, आणि धुळे-मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांची स्पर्धा ही कारणं फाटकाबाहेरून दिसत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या संपातून मला वेगळाच धडा दिसतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. बोलणी करायचा अधिकार ज्या संघटनेला, तिच्यावर कामगारांचा विश्वास नव्हता. ज्याच्यावर विश्वास, त्याला अधिकार नव्हता. तुमच्या कारखान्यात ५१ टक्क्यांचा खेळ नेमका याच जागी चालला आहे. वडिलांना एकदा शांतपणे विचारा, त्यांच्या गिरणीत करार कोण करायचं, आणि सही करण्याआधी कामगारांना तो वाचून दाखवायचे का.

साने गुरुजींना आपण "श्यामची आई"मुळे ओळखतो. पण अमळनेरच्या शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडल्यावर ते खानदेशातल्या शेतकऱ्यांसाठी आणि गिरणी कामगारांसाठी झिजले, हे आपल्याच घरांतून कमी सांगितलं जातं. युनियन ही आपल्या मातीला परकी नाही, एवढंच वडिलांना सांगायचं असेल तर सांगा.

"गद्दार" हा शब्द मात्र मी वापरणार नाही, तुम्हीही स्वतःसाठी वापरू नका. माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. १९७४ च्या मे महिन्यात, ८ ते २७ तारखेपर्यंत, देशभर रेल्वेचा संप होता. आमच्या रांगेतले काही जण कामावर गेले, काही गेले नाहीत. दोघांच्याही घरी लेकरं होती. संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, पण नळावर बायका एकमेकींशी पुढे कित्येक महिने बोलल्या नाहीत. माझ्या आईने तेव्हा शेजारणीशी धरलेला अबोला मला अजून आठवतो. ती शेजारीण वाईट नव्हती, तिचा मुलगा आजारी होता. तुम्ही जो निर्णय घ्याल तो कारखान्यातल्या लोकांना तुमच्याच तोंडून आधी कळू दे. लपवलेली गोष्ट लोकांना जास्त लागते.

आता माझं मत. राजीनामा आत्ता देऊ नका. बढतीला नाही म्हणू नका. साहेबांना सांगा, "बढती मला हवी आहे. हुद्दा, काम, पगार आणि कधीपासून, हे लेखी द्या. युनियनचा करार झाल्यावर मी ती घेईन." पत्रात कामाचं स्वरूप काय लिहिलंय ते पाहा: हाताखाली किती माणसं, रजा मंजूर करायचा अधिकार आहे का, पुन्हा प्रोबेशन लावणार का. कामासाठीच बढती द्यायची असेल तर साहेबांना दोन-तीन महिने थांबायला हरकत नसावी. "आत्ता नाही तर कधीच नाही" असं म्हणाले, तर त्यांना नेमकं काय विकत घ्यायचंय ते तुम्हाला कळेल.

यात तुमचं नुकसान किती, तेही मोजू. समजा युनियनने साडेतीन मागितले आणि करार अडीच हजारांवर झाला. केबिनमधल्या चार हजारांपेक्षा दीड हजार कमी. मुलीच्या क्लासच्या फीच्या दिवसांत ही रक्कम छोटी नाही. हे तुम्ही आणि वहिनींनी एकत्र बसून ठरवायचं आहे, माझ्या घरात ती फी नाही. सगळं मोजूनमापून, कामगार म्हणून काय सुटतंय ते कळूनही तुम्ही बढती घेतलीत, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. फक्त केबिनमध्ये बसून, पुढे सरकवलेल्या छापील राजीनाम्यावर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच.

तरुण पोरांना आजच गाठा. नव्या संहितेत ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तो संपच धरला जातो. संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, समेटाची बोलणी सुरू असताना संप करता येत नाही. बेकायदा संपाला कामगाराला १ हजार ते १० हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रागाच्या भरात टाकलेली ती एक रजा कारखान्याच्या फार कामाला येईल.

युनियनकडेही हक्काने हिशेब मागा. नोंदणी क्रमांक काय, वर्गणीची पावती मिळते का, निवडणूक कधी झाली, करार झाल्यावर फरकाच्या रकमेतून किती टक्के कापणार, आणि सही करण्याआधी मसुदा सभेत वाचणार का. उत्तरं मिळाली नाहीत, तर तुमचा संशय खरा आहे आणि तो उघड बोलायला हवा. मालकाला प्रश्न विचारायची हिंमत जी युनियन शिकवते, तिला स्वतःला विचारलेले प्रश्न सोसायला हवेत.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जळगावच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याचं उत्पन्न किती हे न बघता. तुमच्यासारख्या अनेकांना हे माहीतच नसतं. सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार करायची वेळ आली, तर वहीतल्या त्या तारखा घेऊन आधी तिथल्या वकिलाला भेटा.

आठवडा संपायला अजून तीन-चार दिवस असतील. साहेबांनी बढतीचं पत्र खरंच लेखी दिलं, तर त्याची झेरॉक्स मला पाठवा. वरच्या कोपऱ्यातली तारीख नीट दिसेल, एवढं बघा.